पावसाचा सेन्सर मुकाट्याने बिघडतो

पंप बिघडला तर पाणीच येत नाही, व्हॉल्व्ह अडकला तर एक वाफा कोरडा राहतो, लॅटरल फुटली तर चिखल होतो. सिंचनातला जवळजवळ प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसतो. पावसाच्या सेन्सरचे तसे नाही. तो बंद पडला तरी बागेला ठरल्या वेळी पाणी मिळतच राहते. रात्री दणकून पाऊस होऊन गेलेला असतो आणि पहाटे पाचला तुषार फिरत असतात. त्या वेळी पाहायला कोणी जागे नसते. कधी याच्या उलट होते. सेन्सर ‘पाऊस आहे’ म्हणून अडून बसतो, हिरवळ पिवळी पडू लागते, मग माळी किंवा वायरमन कंट्रोलरवरचा बटण-स्विच बायपासवर टाकून मोकळा होतो. त्या दिवसापासून सेन्सर भिंतीवर असतो, पण नसल्यासारखाच.

म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे : सेन्सर बिघडल्याची वाट पाहू नका, तो चालू असल्याची खात्री आपण होऊन करा. त्याला फार काही लागत नाही. एक मल्टिमीटर, पाण्याचे भांडे, जुना टूथब्रश आणि वर्षातून दोनदा अर्धा तास.

एवढ्या खटाटोपातून काय मिळते, याचा हिशेब आधी करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरावर दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे 40,000 लिटर पाणी आपोआप पडले. दहा हजार लिटरचे चार टँकर. सोसायटीच्या 500 चौरस मीटर हिरवळीवर सहा मिलिमीटर पाऊस म्हणजे 3,000 लिटर. हे पाणी मिळाल्यावरही आपण पंप चालवला, तर पाणी आणि वीज वाया जातेच, शिवाय ठिबकमधून दिलेली विद्राव्य खते मुळांच्या खाली वाहून जातात आणि भारी जमिनीत मुळे गुदमरतात. डाळिंब, पपई, आले यांसारख्या पिकांत साचलेल्या ओलीने मर आणि कूज बळावते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको.

आपल्याकडे तो कामाला येतो कधी?

भर आषाढात बहुतेक जण सिंचन बंदच ठेवतात. तेव्हा सेन्सर असला काय, नसला काय. महाराष्ट्रात त्याची खरी कसोटी लागते ती चार वेळांना : एप्रिल-मेमधला वळीव, पावसाळ्यातला खंड संपून पुन्हा सुरू होणारा पाऊस, सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस आणि हिवाळ्या-उन्हाळ्यातला अवकाळी. या चारही वेळी टायमर चालू असतो आणि पाऊस अवचित येतो. देखभालीचे वेळापत्रकही त्यावरूनच ठरवायला हवे.

आत काय असते?

बागा, सोसायट्या आणि छोट्या शेतांत सर्वांत जास्त आढळतो तो चकत्यांचा सेन्सर. टोपीखाली बुचासारख्या, पाणी शोषणाऱ्या चकत्यांची चळत असते. त्या भिजल्या की फुगतात, खालची दांडी दाबतात आणि दांडी एक छोटा स्विच उघडते. व्हॉल्व्हकडे जाणारा प्रवाह तुटतो. चकत्या वाळल्या की आकसतात आणि स्विच पुन्हा जुळतो. बहुतेक बागांतले कंट्रोलर व्हॉल्व्हला 24 व्होल्ट एसी देतात आणि सेन्सर त्याच वाटेत बसतो.

दुसरा प्रकार द्राक्षबागांतल्या हवामान केंद्रांवर दिसतो : हेलकावणाऱ्या पात्राचा पर्जन्यमापक. वरच्या नरसाळ्यातून पाणी खालच्या दोन छोट्या पात्रांपैकी एकात पडते. ते भरले की कलंडते, दुसरे वर येते, आणि प्रत्येक कलंडीला चुंबकामुळे एक रीड स्विच क्षणभर जुळतो. एक कलंड म्हणजे बहुधा 0.2 मिलिमीटर पाऊस. नेमका आकडा उपकरणावर छापलेला असतो. हा सेन्सर पाऊस पडला एवढेच नाही, तर किती पडला तेही सांगतो.

तिसरा प्रकार म्हणजे तांब्याच्या नक्षीची पट्टी. थेंब पडला की दोन रेषा पाण्याने जोडल्या जातात. प्रयोगशील तरुण शेतकरी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बनवलेल्या कंट्रोलरला ही लावतात, कारण ती अगदी स्वस्त असते. तिच्यात सतत वीज खेळती ठेवली, तर ओलाव्यात तांबे झिजते आणि पट्टी लवकर निकामी होते. वाचन घेण्यापुरतीच क्षणभर वीज दिली, तर ती जास्त टिकते. तरीही ही पट्टी दवालाही पाऊस समजते. तिच्या एकटीच्या भरवशावर एकरभर बाग सोपवू नका.

निम्मे बिघाड जागेचेच

सेन्सरवर उघडे आभाळ हवे. झाडाखाली तो उशिरा भिजतो आणि पाऊस थांबल्यावरही पानांवरून ठिबकत राहणाऱ्या पाण्याने ओला राहतो. पागोळ्यांखाली, पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ किंवा तुषारांच्या फवाऱ्याच्या टप्प्यात लावला, तर तो पाऊस नसताना पाऊस सांगतो. एसीच्या बाहेरच्या पंख्याजवळ लावला, तर गरम वाऱ्याने अकाली वाळतो.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. आपला मोसमी पाऊस बहुतांशी नैर्ऋत्य-पश्चिमेकडून तिरपा येतो. इमारतीच्या पूर्वेच्या भिंतीला चिकटून लावलेला सेन्सर त्या पावसात बराच वेळ कोरडा राहू शकतो. गच्चीच्या कठड्याची पश्चिम बाजू किंवा उघड्यावरचा खांब केव्हाही बरा. पण शिडीशिवाय हात पोहोचेल किंवा सुरक्षितपणे जाता येईल अशीच जागा निवडा. जिथे पोहोचता येत नाही तो सेन्सर कोणी साफ करत नाही.

पाऊस पडला, तरी पाणी चालूच

आधी कंट्रोलरकडे जा, सेन्सरकडे नाही. बायपासचा स्विच ‘सेन्सर चालू’ या बाजूला आहे का ते पाहा. मग सेन्सरच्या दोन स्क्रूंकडे नजर टाका. बऱ्याच कंट्रोलरमध्ये या दोन स्क्रूंच्या मध्ये कारखान्यातूनच एक छोटा जम्पर लावून येतो. सेन्सर जोडताना तो काढायचा असतो. तो राहून गेला, तर सेन्सर कितीही भिजो, प्रवाह जम्परमधून जात राहतो. पहिल्या दिवसापासून कधीच काम न केलेल्या सेन्सरमागे बहुधा हेच कारण निघते. तिसरी तपासणी सेटिंगची : तुमचा सेन्सर ‘जुळलेला’ आहे की ‘उघडा’, म्हणजे वायरमनच्या भाषेत एनसी की एनओ, आणि कंट्रोलरमध्ये तेच निवडले आहे का? हे उलटे असेल, तर कोरड्यात पाणी बंद आणि पावसात चालू, असा उफराटा कारभार होतो.

हे सगळे ठीक असेल, तर सेन्सरकडे वळा. एक व्हॉल्व्ह चालू करा आणि सेन्सरची वरची दांडी बोटाने दाबून धरा. पाणी थांबायला हवे. मोठ्या व्हॉल्व्हला मिटायला थोडा वेळ लागतो, घाई करू नका. काही कंट्रोलर हाताने चालू केलेल्या पाण्याला सेन्सर लागूच करत नाहीत. तुमचा तसा असेल, तर दोन मिनिटांचा प्रोग्रॅम लावून तपासा.

दाबल्यावर पाणी थांबले, पण पावसात थांबत नाही, याचा अर्थ वायरिंग ठीक आहे आणि दोष चकत्यांचा आहे. टोपी फिरवून काढा. आत नीट पाहा. चकत्यांवर हिरवट शेवाळ असते, वरच्या जाळीवर धुळीचा थर बसलेला असतो, आणि उन्हाळ्यात कुंभारीण माशीने टोपीच्या भोकांत मातीचे घरटे लिंपलेले असते. पाणी आत शिरायला वाटच उरलेली नसते. टोपी आणि जाळी साध्या पाण्याने व टूथब्रशने धुवा. चकत्या हलक्या हाताने धुवा, पण साबण, तेल, डब्ल्यूडी-40 यातले काहीही लावू नका. तेलकट चकती पाणी शोषत नाही. मग चकत्या वाटीभर पाण्यात बुडवून ठेवा. पाच-दहा मिनिटांत त्या जाणवण्याइतक्या फुगल्या नाहीत, कडक किंवा भुसभुशीत झाल्या असतील, तर नव्या बसवा. अनेक कंपन्यांच्या सेन्सरना चकत्यांचा संच वेगळा मिळतो. सबंध सेन्सर बदलायची गरज नसते.

दांडी दाबूनही पाणी थांबले नाही, तर कंट्रोलरच्या सेन्सर स्क्रूंवरून दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून त्यांना लावा. मदतनीसाला दांडी दाबायला सांगा. दाबल्यावरही बीप चालू राहिली, तर सेन्सरजवळच्या जोडावर वायर सोडवून पुन्हा पाहा. सेन्सर सुटलेला असतानाही बीप येत असेल, तर वाटेत कुठेतरी दोन वायरी एकमेकींना लागल्या आहेत. खिळ्याखाली दबलेली जागा, खारीने कुरतडलेली जागा, फावडे लागलेली जागा शोधा.

पाऊस नाही, तरी पाणी बंद

ही तक्रार आली की लोक बायपास दाबतात. तसे करण्याआधी तीन पावलांत दोष शोधता येतो.

पहिले पाऊल : कंट्रोलरपाशी सेन्सरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. सेन्सर कोरडा असताना बीप यायला हवी. आली, तर दोष कंट्रोलरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

दुसरे पाऊल : बीप आली नाही, तर सेन्सरजवळ जाऊन त्याच्याच दोन वायरींना मल्टिमीटर लावा. इथे बीप आली, तर सेन्सर चांगला आहे. वायर मध्ये तुटली आहे किंवा जोड सडला आहे. जमिनीतल्या व्हॉल्व्ह बॉक्समधला जोड उघडून पाहा. नुसत्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेल्या जोडात पावसाळाभर पाणी मुरते, तांब्यावर हिरवा कीट चढतो आणि वायर हातात घेताच तुकडा पडतो. असा जोड कापून काढा, वायर लखलखीत तांबे दिसेपर्यंत सोला आणि जेल भरलेल्या वॉटरप्रूफ कनेक्टरनेच जोडा. टेप पुन्हा गुंडाळली, तर पुढच्या वर्षी हाच त्रास पुन्हा होईल.

तिसरे पाऊल : सेन्सरपाशीही बीप नाही, तर चकत्या काढून घ्या. आता बीप आली, तर चकत्या फुगून अडकल्या आहेत. तरीही नाही, तर आतला स्विच गेला आहे आणि सेन्सर बदलावा लागेल.

चकत्या फुगून राहण्याचे आपल्याकडचे एक कारण समजून घ्यायला हवे. कोकण-गोव्यात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पाऊस थांबला तरी चकत्या लवकर वाळत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो तेव्हाही आभाळ भरलेले आणि हवा दमट राहू शकते. वरची माती सुकत असते, सेन्सर मात्र ओला. बऱ्याच सेन्सरना बाजूला हवा खेळण्याच्या खिडक्यांची फिरती कडी असते. ती जास्त उघडली की चकत्या लवकर वाळतात, झाकली की उशिरा. दमट भागात ती पूर्ण उघडी ठेवा. उन्हाळी, कोरड्या वाऱ्याच्या भागात थोडी झाका, म्हणजे सेन्सर मातीच्या आधीच वाळून बसणार नाही.

बिनतारी सेन्सर असेल, तर आधी बॅटरी पाहा. बदलता येणारी बॅटरी संपायची वाट न पाहता दर मे महिन्यात बदला आणि झाकणाची रबरी रिंग नीट बसली आहे ना, ते पाहा. सिग्नल तुटला तर तुमचा रिसिव्हर पाणी चालू ठेवतो की बंद करतो, हे उपकरणागणिक वेगळे असते. बॅटरी काढून एकदा स्वतःच पाहून ठेवा. मध्ये नवी पत्र्याची शेड किंवा आरसीसीची भिंत उभी राहिली असेल, तर सिग्नल क्षीण होऊ शकतो.

पर्जन्यमापक कमी-जास्त दाखवत असेल तर

नरसाळे तुंबल्याची खूण मोबाइलवरच्या आलेखात दिसते. पाऊस तासाभरात संपलेला असतो, पण आलेखात मात्र थोडा थोडा पाऊस रात्रभर एकसारखा चालू दिसतो. म्हणजे पाणी वर साचले आहे आणि गाळातून ठिबकत खाली येते आहे. आत पान, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याचे जाळे किंवा मुंग्यांची माती निघेल. शून्य पाऊस दिसत असेल, तर पात्र अडकले आहे, वायर सुटली आहे किंवा रीड स्विच गेला आहे. झाकण काढून पात्र बोटाने हळूच हलवा आणि आकडा वाढतो का ते पाहा. पाऊस नसताना आकडे वाढत असतील, तर खांब वाऱ्याने थरथरतो आहे. त्याला ताण द्या.

पात्रे साफ करताना आतल्या पृष्ठभागाला तेलकट बोट लावू नका. नंतर पाणसळ लावून उपकरण दोन्ही दिशांनी समपातळीत आणा. तिरके उपकरण प्रत्येक कलंडीत चूक करते.

अचूकता घरीच तपासता येते. नरसाळ्याचा व्यास 200 मिलिमीटर आणि एक कलंड 0.2 मिलिमीटरची असेल, तर एका कलंडीला सुमारे 6.3 मिलिलिटर पाणी लागते. म्हणून 630 मिलिलिटर पाणी तळाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून अर्ध्या-पाऊण तासात ठिबकत सोडा. शंभराच्या आसपास कलंडी मोजल्या जायला हव्यात. पाणी भसकन ओतले, तर आकडा कमी येतो, कारण पात्र कलंडत असतानाचे पाणी निसटते. ढगफुटीसारख्या पावसात हे उपकरण थोडे कमीच मोजते, तेही याच कारणाने. व्यास 160 मिलिमीटर असेल, तर शंभर कलंडींना सुमारे 400 मिलिलिटर धरा. तपासणीचा हा पाऊस नोंदीतून पुसून टाकायला विसरू नका.

किती मिलिमीटरवर ठेवावा?

चकत्यांच्या सेन्सरवर साधारण 3 ते 25 मिलिमीटरपर्यंतच्या खुणा असतात. या खुणा अंदाजाच्या आहेत, वजनकाट्याच्या नव्हेत. भारतीय हवामान विभाग 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो. एवढ्या पावसाने तापलेल्या जमिनीत फारशी ओल उतरत नाही. त्यामुळे सर्वांत खालच्या खुणेवर ठेवलेला सेन्सर भुरभुर आली की बागेचे पाणी तोडतो. उथळ मुळांच्या हिरवळीला 6 च्या आसपास, फळबागेला आणि भारी काळ्या जमिनीला 12-13 च्या आसपास सुरुवात करा आणि एका हंगामात पिकाकडे पाहून खाली-वर करा.

सेन्सरला जे कळत नाही

सेन्सरला आभाळ कळते, जमीन नाही. मल्चिंग पेपर अंथरलेल्या बेडवर पंधरा मिलिमीटर पाऊस झाला, तर बरेचसे पाणी सरीत जाते आणि कागदाखाली रोपाची मुळे कोरडी राहू शकतात. पॉलिहाउसमध्ये तर पाऊस पडतच नाही. तिथल्या व्हॉल्व्हना बाहेरच्या पावसाच्या सेन्सरशी जोडणे चूकच. गच्चीवर छज्ज्याखाली ठेवलेल्या कुंड्यांचेही तसेच. अशा भागांसाठी कंट्रोलरमध्ये सेन्सर वगळण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर त्यांचे पाणी वेगळ्या टायमरवर घ्या. सेन्सरने पाणी पुन्हा सुरू केले तरी भारी जमिनीत मूठभर माती हातात घ्या. वाफसा आला नसेल, तर एक दिवस थांबवा.

दोन गोष्टी जोडणीच्या, आणि दोन्ही नुकसान करणाऱ्या. सेन्सरने फक्त व्हॉल्व्ह बंद केले आणि पंप ऑटो स्टार्टरवर असेल, तर वीज आली की पंप बंद व्हॉल्व्हवर दाब देत चालत राहतो. पाइप फुटतो किंवा पंप तापतो. पंप आणि खताचा पंप, दोन्ही कंट्रोलरच्या रिलेवरून व्हॉल्व्हसोबतच बंद व्हायला हवेत. पण मोटारीचा 230 किंवा 415 व्होल्टचा प्रवाह सेन्सरच्या स्विचमधून कधीही नेऊ नका. तो कमी व्होल्टच्या हलक्या प्रवाहासाठी बनवलेला असतो. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या आणि वळवाच्या विजांसाठी अर्थिंग व सर्ज प्रोटेक्टर आहे का, ते त्याच फेरीत पाहून घ्या.

वर्षाचे वेळापत्रक

पहिली तपासणी एप्रिलच्या सुरुवातीला, वळवाच्या आधी : टोपी, जाळी, नरसाळे साफ करा, चकत्या भिजवून पाहा, दांडी दाबून पाणी थांबते का पाहा. दुसरी दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस ओसरताना : शेवाळ पुसा, जोड उघडून पाहा, खुणेचा आकडा हिवाळ्यासाठी ठरवा. अधूनमधून, विशेषतः जोराचा वारा होऊन गेल्यावर, नुसती नजर टाका. आणि शेजारी एक साधा, मोजपट्टीचा पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान विभागाची नोंद होते त्याच वेळी, पाऊस लिहून ठेवलात, तर सेन्सर आणि तुमची वही यांत तफावत पडताच दोष लक्षात येईल.

कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा : सेन्सर कोणत्या खुणेवर आहे, एनसी की एनओ, जम्पर काढला का, शेवटची तपासणी कधी आणि कोणी केली. खाली ठळक लिहा : बायपास केला, तर तारीख आणि कारण इथे नोंदवा. माळी बदलतो, वायरमन बदलतो, सोसायटीची कमिटीही बदलते. कागद जागेवर राहतो आणि बायपासवर पडलेला सेन्सर पुढच्या माणसाला लगेच सापडतो.